फोकवेज रेकॉर्ड्स

फोकवेज रेकॉर्ड्स ही अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरातून चालणारी एक छोटी, स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-कंपनी होती. मोझेस ॲश आणि मेरियन डिस्लर यांनी १९४८ मध्ये ती स्थापन केली. जगाच्या निरनिराळ्या भागांतील लोकसंगीत व विधिसंगीत, अमेरिकेतील लोकगीते, बालगीते, भाषणे, कवितावाचने, निसर्गातील व यंत्रांचे आवाज आणि विसाव्या शतकातील प्रायोगिक संगीत अशा परस्परांहून अगदी भिन्न क्षेत्रांतील २,१६८ ध्वनिमुद्रिका या कंपनीने सुमारे अडतीस वर्षांत प्रकाशित केल्या. ॲश यांच्या मृत्यूनंतर १९८७ मध्ये हा संपूर्ण संग्रह वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. ‘स्मिथसोनियन फोकवेज रेकॉर्डिंग्ज’ या नावाने तो आजही उपलब्ध आहे.

विक्री कमी झाली म्हणून कोणतीही ध्वनिमुद्रिका सूचीतून काढून टाकायची नाही, हे फोकवेजचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य होय. व्यापाराच्या नेहमीच्या हिशेबात न बसणारा हा नियम ही कंपनी कशी पाळू शकली आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन्ही प्रश्न तिच्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहेत.

पार्श्वभूमी

मोझेस ॲश यांचा जन्म १९०५ मध्ये वॉर्सा येथे झाला. त्यांचे वडील शोलेम ॲश हे यिडिश भाषेतील नामवंत कादंबरीकार व नाटककार होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हे कुटुंब फ्रान्समार्गे न्यूयॉर्कला आले. पुढे मोझेस यांनी जर्मनीत रेडिओ-तंत्राचे शिक्षण घेतले. युरोपातील याच वास्तव्यकाळात पॅरिसच्या नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात जॉन लोमॅक्स यांनी संकलित केलेला गुराख्यांच्या गीतांचा संग्रह त्यांच्या हाती पडला. अमेरिकेला स्वतःचे असे लोकसंगीत नाही, ही युरोपातील सहाध्यायांची समजूत या पुस्तकाने खोटी ठरवली, असे ते पुढे सांगत असत.

न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांनी रेडिओ व ध्वनिवर्धक यंत्रणांची जुळणी आणि दुरुस्ती करण्याचा व्यवसाय सुरू केला. शहरातील एका यिडिश रेडिओ-केंद्राच्या कामातून त्यांचा ज्यू गायकांशी संबंध आला. या गायकांच्या तबकड्यांना मागणी होती, पण मोठ्या कंपन्यांना या बाजारात रस नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी स्वतःच्या नावाने तबकड्या काढण्यास आरंभ केला. लवकरच लेड बेली, वुडी गथ्री आणि पीट सीगर हे लोकगायक त्यांच्याकडे गाऊ लागले. १९४४ च्या वसंत ऋतूत गथ्री यांनी ॲश यांच्या छोट्याशा ध्वनिमुद्रणकक्षात शंभराहून अधिक गीते ध्वनिमुद्रित केली. पुढे अमेरिकेच्या शाळाशाळांतून म्हटले जाऊ लागलेले ‘धिस लँड इज युवर लँड’ हे गीतही त्यांतच होते.

‘ॲश रेकॉर्ड्स’नंतर काढलेली ‘डिस्क’ ही कंपनी मात्र बुडाली. जॅझ संगीताच्या महागड्या योजनांवर अवाक्याबाहेर खर्च झाला आणि विक्री अपेक्षेप्रमाणे झाली नाही, त्यामुळे ॲश यांना दिवाळखोरी पत्करावी लागली. लोकप्रिय संगीताच्या शर्यतीत मोठ्या कंपन्यांशी आपला टिकाव लागणार नाही, हा धडा त्यांनी या अनुभवातून घेतला.

स्थापना

दिवाळखोरीमुळे नवी कंपनी स्वतःच्या नावावर चालवणे ॲश यांना सोयीचे नव्हते. म्हणून १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फोकवेजची कागदोपत्री सूत्रे त्यांच्या दीर्घकालीन सहकारी मेरियन डिस्लर यांच्याकडे होती. ही केवळ कायदेशीर सोय नव्हती. पत्रव्यवहार, हिशेब, मागण्यांची पूर्तता आणि वितरकांशी व्यवहार ही कामे डिस्लर याच पाहत. १९६४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत कंपनीचा दैनंदिन कारभार मुख्यतः त्यांच्यामुळे सुरळीत चालला. फोकवेजचा इतिहास बहुधा एका माणसाची कहाणी म्हणून सांगितला जातो. त्या कथनात डिस्लर यांचा वाटा अनेकदा झाकोळून जातो.

स्थापनेचा काळही अनुकूल होता. १९४८ मध्येच कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी दीर्घ वादनाची तबकडी बाजारात आणली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीन-चार मिनिटांपेक्षा अधिक संगीत मावत नसे. गायकाला तेवढ्या वेळात गाणे आटोपते घ्यावे लागे आणि रात्रभर चालणारा विधी किंवा पोवाड्यासारखी दीर्घ कथागीते तुकड्यांतच ऐकावी लागत. नव्या तबकडीच्या एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक ध्वनिमुद्रण बसू लागले. त्याच सुमारास चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण करणारी यंत्रे हाताशी आली. जड तबकड्या कोरण्याची यंत्रणा बरोबर न नेता संशोधक दूरच्या खेड्यांत जाऊन लांबलचक ध्वनिमुद्रणे करू लागले. हे साहित्य प्रकाशित करू इच्छिणारा कोणीतरी हवा होता. ती जागा फोकवेजने भरून काढली.

कार्यपद्धती

फोकवेजच्या कचेरीत एका वेळी मोजकीच माणसे काम करीत. तरीही सरासरीने पाहता दर आठवड्याला किमान एक नवी ध्वनिमुद्रिका निघत असे. हे शक्य होण्यामागे खर्चाचे काटेकोर गणित होते.

मोठ्या कंपनीला एखादी तबकडी फायद्यात आणण्यासाठी हजारो प्रती खपाव्या लागत. तेवढ्या न खपल्या, की ती तबकडी बाजारातून काढून घेतली जाई. फोकवेज सुरुवातीला काही शेच प्रती काढी आणि त्या संपत आल्या की मागणीनुसार पुन्हा थोड्या प्रती तयार करी. एखाद्या तबकडीच्या वर्षाकाठी दहा-वीस प्रती खपल्या, तरी ती सूचीत कायम राहत असे. सूचीत असे शेकडो संच असल्याने थेंबे थेंबे तळे साचावे तसे उत्पन्न जमत जाई. पीट सीगर, वुडी गथ्री यांच्या आणि मुलांसाठी गाणाऱ्या एला जेनकिन्स यांच्या तबकड्यांना सतत मागणी असे. या उत्पन्नातून मोजक्या ग्राहकांच्या संगीताचा खर्च भागे. जेनकिन्स यांचा १९६६ मधील ‘यू विल सिंग अ साँग अँड आय विल सिंग अ साँग’ हा संच या सूचीतील सर्वाधिक खपाच्या संचांत गणला जातो.

ग्राहकवर्गही वेगळा होता. दुकानांतून होणाऱ्या विक्रीपेक्षा ग्रंथालये, शाळा आणि विद्यापीठे यांच्याकडून येणाऱ्या मागण्यांवर फोकवेजची भिस्त असे. भूगोल किंवा समाजशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाला एखाद्या प्रदेशाचे संगीत वर्गात ऐकवायचे असेल, तर अनेकदा या सूचीखेरीज दुसरा पर्याय नसे. फोकवेजच्या तबकड्या बाजारातील इतर तबकड्यांच्या मानाने महाग असत. संस्था त्या घेऊ शकत असल्याने ही किंमत टिकून राहिली.

तबकडीचे बाह्यरूपही या काटकसरीतून घडले. जाड काळ्या पुठ्ठ्याच्या खरखरीत वेष्टनावर छापील कागदाची पट्टी चिकटवलेली असे. प्रत्येक तबकडीसाठी स्वतंत्र बहुरंगी वेष्टन छापण्याचा खर्च त्यामुळे टळे. चित्रकार रोनाल्ड क्लाइन यांनी फोकवेजसाठी पाचशेहून अधिक मुखपृष्ठे केली. बहुतेक ठिकाणी एक-दोन रंगच वापरण्याची मर्यादा त्यांच्यावर होती. या मर्यादेतून निर्माण झालेली त्यांची संयत शैली आज रेखांकनकलेच्या अभ्यासकांना आदर्शवत वाटते.

वेष्टनाच्या आत एक पुस्तिका असे. तिच्यात गीतांचे शब्द, भाषांतर, वाद्यांची माहिती, त्या समाजाचे वर्णन आणि कित्येकदा छायाचित्रे दिलेली असत. पुस्तिकेचा दर्जा लेखकागणिक बदले. काही पुस्तिका स्वतंत्र प्रबंधाच्या तोलाच्या आहेत, तर काही घाईने टंकलिखित केलेल्या दिसतात. ध्वनी आणि त्याचा संदर्भ एकत्रच वाचकापुढे ठेवायचा, हे धोरण मात्र शेवटपर्यंत कायम राहिले.

ध्वनिमुद्रणाबाबत ॲश यांची भूमिका ठाम होती. शक्यतो एकच ध्वनिग्राहक वापरावा, कलावंताला थांबवू नये आणि नंतर आवाजावर फारसे संस्कार करू नयेत, असे ते मानीत. खोलीतला आवाज, श्वास, खोकला, चुकलेली सुरुवात या साऱ्यांसह ती ध्वनिमुद्रणे प्रकाशित झाली. त्यांच्या दृष्टीने ती करमणुकीची साधने नसून दस्तऐवज होते.

वांशिक संगीताची ग्रंथमाला

‘एथनिक फोकवेज लायब्ररी’ ही कंपनीची सर्वांत महत्त्वाची मालिका होय. लोककथा-संग्राहक आणि कादंबरीकार हॅरोल्ड कोर्लँडर हे तिचे संपादक होते. हैती, इथिओपिया आणि अमेरिकेतील अलाबामा राज्य येथे त्यांनी स्वतः केलेली ध्वनिमुद्रणे या मालिकेत प्रकाशित झाली. मानववंशशास्त्रज्ञ, धर्मप्रसारक, राजनैतिक अधिकारी आणि हौशी प्रवासी यांनी जगभरातून आणलेल्या फिती पुढील काळात या मालिकेतून निघाल्या. मानववंशशास्त्रज्ञ कॉलिन टर्नबुल आणि फ्रान्सिस चॅपमन यांनी बेल्जियन काँगोतील इतुरी अरण्यात म्बुती लोकांचे संगीत ध्वनिमुद्रित केले. फोकवेजने ते १९५८ मध्ये प्रकाशित केले. अनेक गायकांनी एकमेकांच्या स्वरांत स्वर गुंफत उभे केलेले हे समूहगान त्या काळी पाश्चात्त्य श्रोत्यांना सर्वस्वी नवे होते.

संगीतरचनाकार हेन्री कॉवेल यांनी ‘म्युझिक ऑफ द वर्ल्ड्स पीपल्स’ या नावाने जगातील निरनिराळ्या संगीतपरंपरांचे पाच खंड १९५१ पासून फोकवेजसाठी संपादित केले. देश किंवा खंड यांनुसार मांडणी न करता त्यांनी दूरदूरचे नमुने शेजारी शेजारी ठेवले. त्यामुळे कोणत्याही एका परंपरेला मापदंड न मानता प्रत्येक परंपरा तिच्या स्वतःच्या नियमांनी ऐकण्याचे वळण श्रोत्याला लागे.

अमेरिकन लोकसंगीताचा संग्रह

१९५२ मध्ये प्रकाशित झालेला ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ हा फोकवेजचा सर्वांत प्रभावी संच ठरला. चित्रकार, प्रायोगिक चित्रपटकार आणि संग्राहक हॅरी स्मिथ हे पैशांच्या अडचणीमुळे आपल्या जवळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या विकण्यासाठी ॲश यांच्याकडे आले होते. तबकड्या विकण्याऐवजी त्यांतून एक संकलन तयार करावे, असे ॲश यांनी त्यांना सुचवले. त्यातून सहा दीर्घ तबकड्यांवरील ८४ ध्वनिमुद्रणांचा हा संच सिद्ध झाला. कथागीते, सामाजिक प्रसंगांचे संगीत आणि गीते असे त्याचे तीन भाग आहेत.

ही ध्वनिमुद्रणे व्यापारी कंपन्यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढच्या दशकाच्या आरंभी केली होती. महामंदीच्या काळात त्यांतील बहुतेक बाजारातून नाहीशी झाली. वीस-पंचवीस वर्षांतच ती विस्मृतीत गेली होती. स्मिथ यांनी त्यांची मांडणी करताना कलावंत गोरा की कृष्णवर्णीय, याचा उल्लेख कोठेही केला नाही. त्या काळच्या कंपन्या वर्णानुसार वेगवेगळ्या मालिका काढीत असत. त्या पार्श्वभूमीवर हा निर्णय अर्थपूर्ण होता. पुस्तिकेत प्रत्येक कथागीताचा आशय त्यांनी वर्तमानपत्राच्या मथळ्याच्या धर्तीवर एका-दोन वाक्यांत दिला.

या संचाने एका नव्या पिढीला जुन्या कलावंतांच्या शोधात बाहेर काढले. मिसिसिपी जॉन हर्ट यांच्या दोन तबकड्या या संचात होत्या. १९६३ मध्ये ते मिसिसिपी राज्यातील ॲव्हलॉन गावी शेतमजुरी करीत असलेले आढळले आणि उतारवयात त्यांना पुन्हा श्रोते मिळाले. त्याच वर्षी माइक सीगर यांनी डॉक बॉग्ज यांचा शोध लावला व त्यांची नवी ध्वनिमुद्रणे फोकवेजने काढली. क्लॅरेन्स ॲश्ली यांच्या शोधात निघालेल्या राल्फ रिन्झलर यांना डॉक वॉटसन हा अंध गिटारवादक भेटला. या दोघांची ध्वनिमुद्रणेही फोकवेजनेच प्रकाशित केली. पुढे रिन्झलर यांनीच या कंपनीच्या अखेरच्या वळणावर निर्णायक भूमिका बजावली.

प्रायोगिक संगीत व ध्वनी

लोकसंगीताबरोबर प्रायोगिक संगीत प्रकाशित करण्यात विसंगती आहे, असे ॲश यांना वाटत नसे. ध्वनीचा विश्वकोश तयार करायचा, तर मनुष्य ऐकत असलेला कोणताही ध्वनी त्यातून वगळता येणार नाही, असा त्यांचा विचार होता. दोन्ही प्रवाहांना जोडणारा दुवा म्हणून हेन्री कॉवेल यांच्याकडे पाहता येते. जगातील संगीतपरंपरांचे खंड संपादणारे कॉवेल स्वतः पियानोच्या तारा थेट हाताने छेडून वाजवण्याच्या तंत्राचे प्रवर्तक होते. युरोपीय स्वररचनेपलीकडे संगीत असू शकते, हे त्यांना जगाच्या संगीतातून आणि स्वतःच्या प्रयोगांतून अशा दोन्ही मार्गांनी उमगले होते. जॉन केज हे त्यांचे विद्यार्थी. १९५७ मधील ‘साउंड्स ऑफ न्यू म्युझिक’ या तबकडीवर कॉवेल व केज यांच्या रचनांबरोबर चुंबकीय फितीवर घडवलेले नवे संगीतही आले.

१९५९ मध्ये फोकवेजने केज यांचा ‘इनडिटर्मिनसी’ हा दोन तबकड्यांचा संच काढला. यात केज यांनी नव्वद लहान गोष्टी वाचून दाखवल्या आहेत. प्रत्येक गोष्टीला एक मिनिट दिलेले असल्याने लांब गोष्ट भराभर आणि आखूड गोष्ट सावकाश, मोठे विराम घेत वाचली जाते. त्याच वेळी दुसऱ्या खोलीत डेव्हिड ट्यूडर पियानो व अन्य साधनांवर आवाज निर्माण करीत होते. दोघांनाही एकमेकांचे ऐकू येत नव्हते. शब्द व स्वर कोठे जुळतील आणि कोठे एकमेकांना झाकतील, हे त्यामुळे योगायोगावर सोपवले गेले. पुढे इल्हान मिमारोलू आदींचे विद्युत-ध्वनिसंगीतही या सूचीत समाविष्ट झाले.

याखेरीज ध्वनिमुद्रणयंत्र हाती घेऊन शहराचा आवाज टिपणारे टोनी श्वार्ट्झ यांचे काम उल्लेखनीय आहे. १९५४ मधील ‘न्यूयॉर्क १९’ या तबकडीत त्यांनी स्वतःच्या घराभोवतीच्या टपाल-विभागात ऐकू येणारे फेरीवाले, मुले, स्थलांतरित गायक आणि रस्त्यावरची बोलणी एकत्र केली. सरीसृपतज्ज्ञ चार्ल्स बोगर्ट यांची उत्तर अमेरिकेतील बेडकांच्या आवाजांची तबकडी (१९५८), वाफेच्या इंजिनांचे आवाज, भंगाराच्या अड्ड्यातील आवाज, कचेरीतील आवाज असे संचही सूचीत होते. त्यांची अनेकांनी थट्टा केली. परंतु वाफेची इंजिने आणि जुन्या धाटणीच्या कचेऱ्या नामशेष झाल्यावर याच तबकड्या ऐतिहासिक नोंदी ठरल्या.

सामाजिक व राजकीय भूमिका

१९५० च्या दशकातील साम्यवादविरोधी मोहिमेच्या काळात पीट सीगर यांच्यावर अघोषित बहिष्कार होता. १९५५ मध्ये त्यांना अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले आणि दूरचित्रवाणीची दारे त्यांना दीर्घकाळ बंद राहिली. या वर्षांत फोकवेजने त्यांच्या तबकड्या अखंडपणे प्रकाशित केल्या. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतील गीते, सभा आणि मोर्चे यांची ध्वनिमुद्रणेही कंपनीने काढली. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांचे आत्मकथन त्यांच्याच आवाजात १९६१ मध्ये प्रकाशित झाले. कवी लँग्स्टन ह्यूज यांची कवितावाचनेही या सूचीत आहेत.

भारताशी संबंध

फोकवेजच्या आरंभकाळातील सूचीत भारतीय संगीताला स्थान होते. फ्रेंच संगीतज्ञ आलँ दानिएलू यांची ‘रिलिजस म्युझिक ऑफ इंडिया’ ही तबकडी १९५२ मध्ये प्रकाशित झाली. दानिएलू त्या वर्षांत बनारसला राहून भारतीय संगीताचा व तत्त्वज्ञानाचा अभ्यास करीत होते. भारतीय वादकांचे परदेशदौरे पुढे पाश्चात्त्य जगात लोकप्रिय झाले, त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेतील ग्रंथालयांत भारतीय धार्मिक संगीत अशा तबकड्यांमधून पोहोचले होते.

महाराष्ट्राशी एक अप्रत्यक्ष संबंध पुढील काळात जुळला. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे वांशिक संगीतशास्त्राचे अभिलेखागार १९८२ मध्ये पुण्यात सुरू झाले आणि नंतर ते दिल्ली परिसरात हलवले गेले. परदेशी संशोधकांनी भारतात केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती भारतातच राहाव्यात, हा त्याचा एक प्रमुख उद्देश होता. २००५ मध्ये स्मिथसोनियनने ‘ग्लोबल साउंड’ हा महाजालीय उपक्रम सुरू केला, तेव्हा भारतातील या अभिलेखागाराने आणि दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकी संगीताच्या ग्रंथालयाने त्यात सहभाग घेतला.

टीका व वाद

फोकवेजच्या कार्याचा गौरव करताना तिच्यावरील आक्षेपांची नोंद घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप स्वामित्वहक्काबाबत आहे. हॅरी स्मिथ यांच्या संचातील ध्वनिमुद्रणे इतर कंपन्यांच्या मालकीची होती व ती रीतसर परवानगी न घेता वापरण्यात आली. मूळ मालकांनी बाजारातून काढून घेतलेले संगीत ऐकण्याचा जनतेला हक्क आहे, असा युक्तिवाद ॲश करीत. वुडी गथ्री यांच्या ‘डस्ट बोल बॅलड्स’चेही पुनर्प्रकाशन करण्यास मूळ कंपनी राजी नसताना ॲश यांनी ते १९५० मध्ये केले. हा युक्तिवाद कंपन्यांच्या बाबतीत काहीसा पटण्याजोगा असला, तरी मूळ गायकांना मोबदला मिळाला नाही, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही.

दुसरा आक्षेप कलावंतांच्या मानधनाबाबत आहे. फोकवेजकडून ठरलेले स्वामित्वधन वेळेवर व पूर्ण मिळत नसे, अशी तक्रार अनेक कलावंतांनी केली. ॲश थोडी रक्कम आगाऊ देत आणि पुढचा हिशेब लांबणीवर पडे. एखादा गायक अडचणीत आला, तर ते रोख मदत करीत, अशाही आठवणी आहेत. परंतु हक्काचे पैसे आणि कृपेने मिळालेले पैसे यांत फरक असतो. सूचीतील एकही तबकडी न काढण्याचा नियम ज्या बचतीवर उभा होता, तिचा काही भार कलावंतांनी उचलला, असे मानण्यास जागा आहे.

तिसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. आफ्रिका, आशिया व दक्षिण अमेरिकेतील समाजांची ध्वनिमुद्रणे प्रकाशित झाली, तेव्हा करार प्रामुख्याने संग्राहकाशी झाला. मुखपृष्ठावर त्याचे नाव आले. गाणाऱ्यांची नावे पुष्कळदा नोंदवलीच गेली नाहीत आणि त्यांच्या अनुमतीचे स्वरूपही स्पष्ट नव्हते. ही त्या काळच्या संशोधनाची सर्वसाधारण रीत होती आणि तिला फोकवेज अपवाद नव्हती. दुसरीकडे, याच ध्वनिमुद्रणांमुळे काही समाजांना आपल्या पूर्वजांचे आवाज आज पुन्हा ऐकता येतात. जतन आणि मालकी यांतील हा पेच वांशिक संगीताच्या प्रत्येक संग्रहापुढे आजही उभा आहे.

हस्तांतरण

वय वाढत गेले तसा आपल्यामागे या संग्रहाचे काय होणार, हा प्रश्न ॲश यांना भेडसावू लागला. मोठी कंपनी खपाच्या मोजक्या तबकड्या ठेवून उरलेल्या बंद करील, अशी त्यांना भीती होती. १९८५ मध्ये त्यांनी फोकवेजच्या तबकड्यांचा संपूर्ण संच कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाला दिला. त्यांचे पुत्र मायकेल हे तेथे मानववंशशास्त्राचे प्राध्यापक होते. स्मिथसोनियन संस्थेशीही बोलणी चालू होती. लोकजीवन महोत्सवाचे एक संस्थापक या नात्याने तेथे कार्यरत असलेले राल्फ रिन्झलर यांनी या बोलण्यांत पुढाकार घेतला.

ॲश यांची मुख्य अट पैशांची नव्हती. सर्वच्या सर्व २,१६८ ध्वनिमुद्रिका कायम उपलब्ध राहिल्या पाहिजेत, ही ती अट होती. शब्दकोशात ‘क्यू’ हे अक्षर कमी वापरले जाते म्हणून ते कोणी काढून टाकत नाही, हा दृष्टान्त ते या संदर्भात नेहमी देत. मराठी वाचकाला वर्णमालेतील ‘ङ’ आणि ‘ञ’ यांच्या उदाहरणावरून त्याचा आशय सहज ध्यानात येईल. ऑक्टोबर १९८६ मध्ये ॲश यांचे निधन झाले आणि १९८७ मध्ये हस्तांतरण पूर्ण झाले.

खरेदीच्या खर्चाला हातभार लावण्यासाठी १९८८ मध्ये ‘फोकवेज : अ व्हिजन शेअर्ड’ हा संच प्रकाशित झाला. त्यात बॉब डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन आदी कलावंतांनी वुडी गथ्री व लेड बेली यांची गीते गाऊन आपले उत्पन्न या कार्यासाठी दिले. ब्राझीलमधील आदिवासींच्या संगीताचे अभ्यासक आणि पीट सीगर यांचे पुतणे अँथनी सीगर हे नव्या संस्थेचे पहिले संचालक झाले.

वारसा

स्मिथसोनियनने ॲश यांची अट पाळली आहे. पूर्वीच्या तबकड्यांच्या प्रती मागणीनुसार आधी ध्वनिफितीवर व नंतर सीडीवर करून दिल्या जात. पुढे संपूर्ण संग्रह महाजालावर उपलब्ध झाला. जुन्या पुस्तिका तेथे विनामूल्य वाचता येतात. हॅरी स्मिथ यांचा संच १९९७ मध्ये आवश्यक परवानग्यांसह सीडीच्या रूपात पुन्हा निघाला आणि त्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. मोनिटर, पॅरेडॉन, आरहूली अशा इतर छोट्या स्वतंत्र कंपन्यांचे संग्रहही कालांतराने स्मिथसोनियनकडे आले. युनेस्कोच्या पारंपरिक संगीताच्या मालिकेची जबाबदारी २०१० मध्ये या संस्थेने स्वीकारली.

फोकवेजच्या सूचीतील बहुसंख्य ध्वनिमुद्रिकांना त्यांच्या काळात फार थोडे श्रोते मिळाले. व्यापाराच्या दृष्टीने त्यांचे अपयश उघड आहे. परंतु एखाद्या ध्वनीची गरज कोणाला, केव्हा आणि कशासाठी पडेल, हे त्याच्या प्रकाशनाच्या वेळी सांगता येत नाही. ते ठरवण्याचा अधिकार पहिल्या वर्षाच्या विक्रीला द्यायचा नाही, हे तत्त्व फोकवेजने प्रत्यक्ष व्यवहारात चार दशके पाळून दाखवले. नंतरच्या अनेक छोट्या स्वतंत्र कंपन्यांनी आणि ध्वनिसंग्रहालयांनी हेच तत्त्व आपले मानले. कलावंतांच्या मोबदल्याच्या व संमतीच्या बाबतीत फोकवेजकडून राहून गेलेले काम पुरे करण्याची जबाबदारीही त्याच वारशाचा भाग आहे.